भलती उंच

पिंपळनेरहून आमच्या गावाकडे येताना पांझरेचा पूल ओलांडला की डाव्या हाताला एक घर लागतं. घराच्या ओट्यावर एकच खुर्ची असते. दुसरी होती, ती घडी करून आत भिंतीला टेकवून ठेवली आहे. कमलबाई गेल्या तेव्हापासून ती तशीच आहे, कुणी उघडलेली नाही.

बाहेरच्या खुर्चीत बसतात ते रुपचंद आबा.

आबांची सारी नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात गेली, बॉयलरच्या पॅनलवर. पॅनल म्हणजे तबकड्यांची आणि लहान लहान दिव्यांची एक लांब भिंत. पाणी किती, वाफ किती, उष्णता किती, सगळं त्या भिंतीवर कळायचं. आबांचं इंग्रजीही त्या भिंतीवरूनच आलेलं. हाय, लो, नॉर्मल, ट्रिप. एवढ्यावर माणसाची नोकरी निघते. पुढे बोलायला कुणी लागतं तेव्हा ते कमी पडतं, हे त्यांना उशिरा कळलं.

दीपनगरात दारं लावून बसलं तरी केंद्राची घरघर घरात असायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची. निवृत्त होऊन दोघं गावी आले तेव्हा आबांना पहिले काही दिवस झोप लागेना. कमलबाई अंधारात विचारायच्या, "काय हो, शांतता ऐकू येतेय का तुम्हाला?" आणि दोघंही हसायची. आता ती शांतता आबा एकटेच ऐकतात.

कमलबाई आमच्याकडच्या नव्हत्या. त्यांचे वडील मूळ साताऱ्याकडचे, रेल्वेच्या नोकरीत भुसावळला आलेले. बोलणं घाटावरचं आणि अंगाने उंच. आबांहून उंच. नवरी गावात आली तेव्हा आमच्या म्हाताऱ्यांनी ओट्यावर बसल्या बसल्या म्हटलं होतं, "रुपचंदनी नवरी नही आनी, शिडी आनी!" लग्नाच्या फोटोत आबा विटेवर उभे आहेत. वीट फोटोत दिसत नाही, पण गावाला माहीत आहे. कुणी छेडलं तर आबा जन्मभर एकच सांगत आले, "बोटभर. बोटभर उंच शे ती, जास्ती नही."

शिडीचं बोलणं कमलबाईंच्या कानावर गेलं. त्या वाकून चालू लागल्या. आबांच्या शेजारून जाताना तर खांदे असे पाडायच्या, की जणू डोक्यावर हंडा आहे. दीपनगरच्या क्वार्टरात गेल्यावर एका संध्याकाळी आबांना राहवलं नाही. ते म्हणाले, "वाकू नको. तू भलती उंच शेस. मले आवडस."

कमलबाईंनी मधलं वाक्य ऐकलं आणि शेवटचं ऐकलंच नाही. त्या आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या. जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुंदरबाईंनी विचारलं तेव्हा रडत म्हणाल्या, "मला भलती म्हणाले हो. भलती उंच. भलतं म्हणजे काय? नको ते, नको तिथं."

सुंदरबाई पारोळ्याच्या, आमच्याच बोलीतल्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं माय, आमच्याकडे भलतं म्हणजे खूप! भलतं गोड, भलतं देखणं. त्याने तुझं कौतुक केलं आणि तू उपाशी राहिलीस?"

त्या दिवसानंतर कमलबाई कधी वाकल्या नाहीत. तो शब्द मात्र त्यांनी उचलला तो कायमचा. चहा गोड झाला की, "आज भलता झालाय हं, तुमच्या भाषेतला." आजारपणात औषध कडू लागलं तेव्हाही, "भलतं आहे. आमच्या भाषेतलं." आमच्या आणि तुमच्या भाषेतलं हे अंतर त्या दोघांचं खेळणं होतं. खेळायला दोघं लागतात.

मेघा त्यांची एकुलती एक लेक. इंजिनियर झाली आणि स्कॉटलंडला ऍबरडीन नावाच्या गावी गेली. जावई तेलुगू. तो बोलला तर हिला कळत नाही, ही बोलली तर त्याला कळत नाही, म्हणून घरात इंग्रजी. नात सावी त्या इंग्रजीतच वाढली. आपले शब्द तिच्याकडे दोन, आबा आणि आजी. त्यातला एक आता वापरात नाही.

रविवारी दुपारी, तिकडे सकाळ असते तेव्हा, फोन येतो. त्यासाठी आबा दाढी करतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि दादरच्या पिठाचा डबा ओट्यावर आणून त्याला फोन टेकवून ठेवतात. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. ती माणसाच्या डोक्यावर जाते. आमच्याकडे पोरगं उंच झालं की म्हणतात, दादरसारखं वाढलं. त्याहून मोठं कौतुक नाही.

मागच्या उन्हाळ्यानंतरची गोष्ट. त्या रविवारी सावी शाळेच्या नव्या गणवेशात फोनसमोर आली. "आबा, लुक!" म्हणून खुर्चीवरून उठली आणि उभी राहिली, तशी तिचं डोकं फोनच्या चौकटीतून बाहेर गेलं. चौकटीत राहिल्या नुसत्या शर्टाच्या गुंड्या.

आबांनी मला पुढे सांगितलं, की त्या क्षणी त्यांना एक खिडकी आठवली. दीपनगरच्या क्वार्टरात स्वयंपाकघराची खिडकी ठेंगणी होती. ड्यूटीवरून येऊन त्यांनी खिडकीतून हाक मारली की कमलबाई चुलीपाशी उठून उभ्या राहायच्या, आणि खिडकीत त्यांचा चेहरा दिसायचा नाही. गळ्यातली पोत दिसायची. मग वरून कुठून तरी हसू ऐकू यायचं.

आबा फोनमध्ये ओरडले, "अरे बापरे! सावी, यू आर टू टॉल!" शेजारचा वना शेळ्या बांधत होता. त्यालाही हाक मारली. "वना, इकडे ये, देख! टू टॉल! टू मच टॉल!"

वनाने वाकून फोनमध्ये पाहिलं. "भलती उंच रे भो!"

सावी खाली बसली. हळूहळू बसली, आणि मग आणखी थोडी खाली सरकली. थोड्या वेळाने ती दिसेनाशी झाली. मेघा म्हणाली, तिला पोहायला जायचंय.

पुढच्या रविवारी सावी झोपलेली होती. त्याच्या पुढच्या रविवारी तिचा अभ्यास होता. मग मैत्रिणीचा वाढदिवस निघाला. आबा दाढी करत राहिले, डबा मांडत राहिले. मेघाशी बोलताना त्यांची नजर मेघाच्या मागच्या दारावर असायची. एकदा त्या दारातून मोज्यातले दोन पाय गेलेले त्यांनी पाहिले. थांबले नाहीत.

"मेघा," आबा म्हणाले, "पोर माझ्यावर रुसली का?"

"नाही हो आबा."

"तुझी आई खोटं बोलताना डावीकडे बघायची. तूही बघतेस."

मेघाने नजर सरळ केली. मग म्हणाली, "सांगू? वाईट वाटून घेणार नाही ना? तुम्ही तिला टू टॉल म्हणालात. वर्गात ती सगळ्यांत उंच आहे. पोरं तिला दिव्याचा खांब म्हणतात. गॅदरिंगमध्ये तिला झाड केलं. ती मला म्हणाली, मला वाटलं निदान आबा तरी..."

"मंग मी काय वाईट बोललो? टॉल म्हंजे उंच. टू म्हंजे भलती."

"टू म्हणजे नको तितकी, आबा."

आबा डब्याला टेकलेला फोन सरळ करत म्हणाले, "तू सांग ना तिले. आबाला असं म्हणायचं नव्हतं म्हणून."

"सांगितलं. ती म्हणते, मग आबा तसं का म्हणाले? माझं ऐकत नाही ती. तुम्हीच बोला."

फोन बंद झाला. आबा पिठाचा डबा उचलून आत घेऊन गेले. भिंतीला टेकलेल्या खुर्चीपाशी उभे राहिले. तेच वाक्य होतं. तीच चूक. तेव्हा समजावायला सुंदरबाई होत्या, भिंतीला लागून. आता मधे समुद्र होता आणि समजून घेऊन हसणारी जी होती ती नव्हती.

रस्त्यापलीकडे, आबांच्या घरासमोरच्या खोलीत सुनिता मॅडम भाड्याने राहते. पिंपळनेरच्या शाळेत इंग्रजी शिकवते. ती वरच्या पाड्यावरची, ठाकऱ्या आणि धनीबाईची लेक. आईबाप मोहाची फुलं वेचायचे, डिंक गोळा करायचे, पावसाच्या भरवशावर नागली पेरायचे. घरची बोली वेगळी. मराठी ती आश्रमशाळेत शिकली आणि इंग्रजी कॉलेजात. "मला दोन्ही परक्याच, आबा," ती म्हणते. "म्हणून दोन्हींशी जपून वागते."

आबा तिच्या दाराशी गेले. माणूस मानी. कुणाकडे साखर मागायला गेले नाहीत कधी. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "मॅडम, मले उंच म्हनाचं शिकाड."

सुनिताने स्टोव्हवर दूध ठेवलं होतं. तिने पाट सरकवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आबा, नुसतं उंच म्हणायचं असेल तर व्हेरी. व्हेरी टॉल. कुणाहून तरी उंच म्हणायचं असेल तर टॉलर. आणि टॉलरच्या पुढे व्हेरी बसत नाही. तिथे मच. मच टॉलर."

"काबरं? व्हेरीनं काय घोडं मारं?"

"घोडं नाही मारलं. पण पंगतीत ज्याचं पान त्याला. दुसऱ्याच्या पानावर बसलं की लोक बघतात."

"मंग मच टॉल?"

"नाही."

"व्हेरी टॉलर?"

"आबा, आत्ताच सांगितलं."

"मोस्ट टॉलेस्ट?"

सुनिता हसली. "त्या तर एकावर एक दोन टोप्या."

"आन् टू?"

तेवढ्यात दूध वर आलं. सुनिताने स्टोव्ह बारीक केला नाही. आबांना बघू दिलं. साय फुगली, काठाशी आली, आणि एक ओघळ भांड्याच्या बाहेरून खाली आला. मग तिने फडक्याने भांडं उतरवलं. "काठापर्यंत व्हेरी. हे बाहेर आलं ना, ते टू."

आबा त्या ओघळाकडे बघत होते. "आमच्याकडे ड्रममधलं पाणी हाय झालं की दिवा लागायचा," ते म्हणाले. "टू हाय झालं की बॉयलर ट्रिप. सगळं बंद. चांगल्या गोष्टीला आम्ही कधीच टू म्हटलं नाही." थोडं थांबून ते आपल्या बोलीत म्हणाले, "म्हंजे मी पोरीले ट्रिप करं."

सुनिता यावर हसली नाही. तिने ते दूध दोन कपांत ओतलं.

मग रोज संध्याकाळी ओट्यावर अभ्यास चालू झाला. सुनिता आपल्या दारात तांदूळ निवडत बसायची आणि तिकडून विचारायची. आबा खुर्चीतून उत्तर द्यायचे. मधून रस्ता जायचा. उसाचा ट्रॅक्टर आला की शिकवणी थांबायची. वनाला ही करमणूकच झाली. "भाऊ, मन्या शेळीसले भी शिकाड ना. त्या भी मे मे करतस, इंग्रजी पक्की व्हई."

"तुन्या शेळ्या व्हेरी शहाण्या शेत," आबा म्हणाले. "तुन्याहून मच शहाण्या." आणि त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. सुनिताने मान डोलावली. बरोबर होतं.

एके दिवशी तिने सांगितलं, "घराबद्दल एक वाक्य करा."

आबा म्हणाले, "द हाऊस इज मच बिगर."

"कशाहून?"

"बिफोर."

"अहो, घर तेवढंच आहे ना? खोली वाढवली का तुम्ही?"

"नही माय," आबा म्हणाले. "मच बिगर."

सुनिता तांदूळ निवडत राहिली. तिने ती चूक काढली नाही.

आणखी एका संध्याकाळी ती म्हणाली, "मचच्या जागी फारही चालतं बरं का. फार टॉलर."

"मॅडम, इंग्रजीत मराठी नको मिसळू. आधीच मनी खिचडी व्हयेल शे."

"मराठी नाही, आबा. त्यांचाच शब्द. फार."

"त्यासना फार म्हंजे दूर ना?"

"दूरही. नुसता आला तर दूर. त्याच्या पुढे टॉलर, बेटर असं काही आलं, तर आपल्या फारसारखाच. फारच उंच."

आबांनी हा शब्द तोंडात घोळवला. एकच शब्द, इकडे खूप, तिकडे दूर. मग त्यांनी विचारलं, "आन् पुढे काहीच नही उनं तं?"

"तर ऐकणारा वाट बघतो, पुढे काय ते. नाहीच आलं, तर दूर समजायचं."

पांझरेकडून वारा येत होता आणि पुलावरून गाड्या जात होत्या, साक्रीकडे, धुळ्याकडे, कुठे कुठे.

रविवार आला. आबांनी मेघाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "सावीला म्हण, आबांची इंग्रजीची परीक्षा आहे. तपासायला कुणी पाहिजे."

मोठ्या माणसाला नापास करायला मिळत असेल तर कुठलं पोर येणार नाही? सावी आली. पण खांदे पाडून बसली, हनुवटी जवळजवळ टेबलाला लागलेली. आबांनी ते बसणं ओळखलं. त्यांनी ते आधी एकदा पाहिलेलं होतं.

"सावी," ते म्हणाले, "टू टॉल, रॉंग. माय मिस्टेक. टू इज... मिल्क." आणि दूध भांड्याबाहेर कसं जातं ते हातांनी दाखवलं.

सावीच्या कपाळाला आठी पडली. "मिल्क?"

"यू नॉट मिल्क. यू आर व्हेरी टॉल. आय लाइक. व्हेरी मच लाइक." पुढचं वाक्य पाठ केलेलं होतं, ते विसरलं. मग त्यांनी आत जाऊन लग्नाचा फोटो आणला आणि फोनसमोर धरला. "युवर आजी. टॉल. पीपल लाफ. आजी..." आबा खुर्चीतून उठले आणि ओट्यावर वाकून, खांदे पाडून चालून दाखवलं. इस्त्रीचा शर्ट पाठीत चुरगळला. "आय से, नो. नो बेंड. यू टॉल, आय हॅपी."

सावीने फोन जवळ घेतला. फोटोतल्या नवरीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "वॉज शी टॉलर दॅन यू?"

"येस."

"बट शी इजंट. लुक. यू आर द सेम."

"नो, नो. आय..." वीट इंग्रजीत काय म्हणतात ते आबांना येईना. त्यांनी वनाला हातानेच खूण केली. वनाने गोठ्यामागून एक वीट उचलून आणली. आबांनी ती खाली ठेवली, तिच्यावर चढले, छाती पुढे काढून उभे राहिले आणि फोटोकडे बोट दाखवलं.

सावीला कळायला क्षणभर लागला. मग ती हसली, असं हसली की मेघा आतून धावत आली.

"सो शी वॉज टॉलर," सावी म्हणाली. परीक्षा अजून संपली नव्हती. "अ बिट टॉलर? ऑर मच टॉलर?"

थोडी की खूप? आबा विटेवरून उतरले. बोटभर, बोटभर, असं सगळ्या गावाला आयुष्यभर सांगितलेलं. वना शेजारीच उभा होता, कान टवकारून.

"मच टॉलर," आबा म्हणाले. आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर, "फार टॉलर."

"आते कबूल करं!" वना ओरडला. "गंज वरीस लागनात भाऊ, पन करं!"

"करेक्ट," सावी म्हणाली. तिची हनुवटी टेबलापासून वर आलेली होती. "यू पास, आबा."

मग मेघाने हाक मारली. त्यांना कुठे तरी जायचं होतं. सावीचे वडील गाडी काढत होते. चौकटीत एक जाकीट आलं, एक टोपी आली. सावी बाजूला वळली. तिच्या मागच्या खिडकीत करडं आभाळ होतं, आबांनी कधी न पाहिलेलं.

"सावी," आबा म्हणाले. "यू आर फार."

ते त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. निघून गेलं तोंडातून, नुसतं. पुढे काही न लावता.

सावी थांबली. जाकिटाची एक बाही चढवलेली, दुसरी लोंबत. ती वाट बघत होती. "फार व्हॉट, आबा?"

आबांनी पांझरेच्या पुलाकडे पाहिलं. मग फोनकडे पाहिलं.

"फार टॉलर," ते म्हणाले. "दॅन लास्ट इयर."

"आय नो!" सावी म्हणाली, आणि ते दाखवायला ताठ उभी राहिली. तिचं डोकं चौकटीतून वर निघून गेलं. चौकटीत राहिल्या शर्टाच्या गुंड्या, आणि वरून, दिसत नव्हतं तिथून, हसू ऐकू येत राहिलं.